गुडघेदुखीचा ‘ग्लॅड’ वर्ग: सहा आठवडे उत्तम, सातव्याचं काय?

गुडघ्याची झीज झाली आहे असं एकदा कानावर पडलं की बहुतेक ज्येष्ठ माणसं चालणं आवरतं घेतात. त्यात आळस नसतो, हिशोब असतो. झिजणारी वस्तू जपून वापरावी, हे कोणीही सांगेल. ‘वंगण संपलंय’, ‘हाडाला हाड घासतंय’ असं ऐकलेल्या माणसाला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हटलं तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन खुर्चीत बसतो. त्याच्या लेखी तो सल्ला म्हणजे टायर गुळगुळीत झालेली गाडी लांबच्या प्रवासाला काढणं. ‘ग्लॅड’ हा व्यायामवर्ग या हिशोबालाच हात घालतो. म्हणून त्याचं परीक्षण करताना व्यायाम कोणते आणि किती, एवढं पाहून भागत नाही. माणूस आपणहून हलायला लागतो का, आणि वर्ग संपल्यावर हलत राहतो का, हे पाहावं लागतं. पहिल्या प्रश्नात वर्ग चांगल्या गुणांनी पास होतो. दुसऱ्यात काठावर.

आधी वर्गाची रचना. २०१३ साली डेन्मार्कमध्ये, सदर्न डेन्मार्क विद्यापीठातल्या इवा रूस आणि सोरेन स्कू यांनी तो सुरू केला. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, स्वित्झर्लंड अशा अनेक देशांत तो गेला. गुडघा आणि खुबा या दोन सांध्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे ज्याला आपण ‘झीज’ म्हणतो त्या आजारासाठी, तो आहे. सुरुवातीला माहितीची दोन सत्रं, मग आठवड्यातून दोनदा याप्रमाणे सहा आठवडे व्यायामाची १२ सत्रं, प्रत्येक सुमारे तासाभराचं. शिकवणारा फिजिओथेरपिस्ट या पद्धतीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला असतो. प्रत्येकाची नोंद सुरुवातीला, ३ महिन्यांनी आणि १२ महिन्यांनी होते. ही नोंद कारकुनी वाटते, पण वर्गाची निम्मी ताकद तिच्यात आहे. ते पुढे येईलच.

माहितीच्या सत्रांतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथे ‘झीज’ हा शब्द बाजूला ठेवला जातो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर होण्यासाठी तिच्यावर दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो. ओला स्पंज दाबून सोडल्यासारखं. म्हणजे चालणं हे कूर्चेला खर्च नाही, खुराक आहे. दुसरी गोष्ट एक्स-रेची. एक्स-रेमध्ये बरीच खराबी दिसणारी माणसं आरामात फिरताना दिसतात, आणि जेमतेम बदल दिसणारी माणसं जिन्याखाली उभी राहून वर बघत असतात. फिल्म आणि दुखणं यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच सैल आहे. ‘तुमच्या गुडघ्याला ताकद कमी पडते आहे’ हे वाक्य ‘तुमचा गुडघा संपला आहे’ या वाक्यापेक्षा खरंही आहे आणि माणसाला उठवणारंही.

इथली रचना मात्र मला खटकते. सगळी माहिती सुरुवातीलाच ओतली जाते. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांना पहिल्या दिवशी अनोळखी खोलीत दडपण येतं, त्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. मूळ रचनेत एक सत्र अशा माणसाने घ्यायचं होतं, ज्याने हा वर्ग आधी पूर्ण केला आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत परिणामकारक असतं. आपल्याच वयाचा माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो, हे समोर पाहणं आणि पांढऱ्या कोटातल्या तरुणाकडून ‘तुम्हालाही जमेल’ हे ऐकणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठे असं सत्र असेल तर ते चुकवू नये.

आता वर्गाचा गाभा, म्हणजे दुखण्याची पट्टी. ० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं. व्यायाम करताना ० ते २ सुरक्षित, ३ ते ५ चालेल, ५ च्या वर गेलं तर व्यायाम सोपा करायचा. सोबत दुसरी अट: व्यायामाने वाढलेलं दुखणं २४ तासांत नेहमीच्या पातळीवर उतरलं पाहिजे. नियम एवढाच. पण बंद पडलेली माणसं याच नियमाने चालती होतात, कारण त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगतं की थोडं दुखलं तर बिघडत नाही, आणि किती दुखलं तर बिघडतं तेही सांगतं. ‘सहन होईल तेवढं करा’ या सल्ल्यात ही सीमा नसते. मग भित्रा माणूस १ वर थांबतो, जिद्दी माणूस ८ पर्यंत जातो, आणि दोघंही तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

पट्टी वापरताना तीन चुका हमखास होतात. पहिली: आकडा फक्त व्यायाम संपल्यावर विचारला जातो. तो तीनदा हवा, आधी, लगेच नंतर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून थोडं चालल्यावर. सकाळी अंथरुणातून उठताक्षणीचा आकडा घेऊ नये. तेव्हा सांधा आखडलेलाच असतो, आणि या आजारात तो ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. दुसरी चूक: स्नायूंचं दुखणं आणि सांध्याचं दुखणं यांची गल्लत. पहिल्या-दुसऱ्या सत्रानंतर मांडीच्या पुढच्या भागात, बहुधा दोन्ही पायांत, पसरट अंगदुखीसारखं दुखतं आणि ते दोन दिवस राहू शकतं. तो स्नायूंचा नवखेपणा आहे, २४ तासांचा नियम त्याला लावायचा नाही. सांध्याच्या फटीवर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, किंवा गुडघा फुगून वाटी बुजल्यासारखी दिसणं, हे सांध्याचं. नियम त्याच्यासाठी. तिसरी चूक सर्वांत महागात पडते. आकडा ५ च्या वर गेला की माणूस व्यायाम बंदच करतो. करायचं असतं ते एवढंच, की पुढच्या वेळी एक पायरी खाली यायचं: वाकण्याची खोली कमी, आवर्तनं कमी, किंवा हाताचा आधार जास्त. जो शिक्षक तिथल्या तिथे व्यायाम सोपा करून दाखवतो त्याच्या वर्गातली माणसं टिकतात.

व्यायामसत्राची सुरुवात सुमारे दहा मिनिटं स्थिर सायकलने किंवा तशाच हलक्या हालचालीने होते. मग चार ठाणी, म्हणजे व्यायामाचे चार टप्पे: पोट-कमर-नितंब यांची पकड, पायाची रेषा राखणं, मांडी व खुब्याची ताकद, आणि रोजच्या कामाच्या हालचाली. प्रत्येक व्यायामाची १० ते १५ आवर्तनं, दोन-तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्या डगमग न होता जमल्या की अवघडपणा वाढवायचा. शेवटी चालून अंग सैल करायचं. बाहेरून हे कोणत्याही व्यायामवर्गासारखं दिसतं. फरक कळतो तो दुसऱ्या ठाण्यावर, आणि तिथे जरा थांबायला हवं.

घसरत्या पायाचा व्यायाम घ्या. कठड्याजवळ किंवा भक्कम टेबलाजवळ उभं राहायचं, हाताची बोटं टेकलेली. एका पायावर भार. दुसऱ्या पायाखाली गुळगुळीत फरशीवर सरकेल असं फडकं. भाराचा गुडघा किंचित वाकवत फडक्याचा पाय मागे सरकवायचा आणि परत आणायचा. नंतर बाजूला सरकवायचा. कसरत सरकणाऱ्या पायाची वाटते, पण काम उभ्या पायाचं असतं. आरशात पाहायचं: उभ्या पायाचा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? बहुतेकांचा तो आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो, आणि त्याच वेळी कंबर एका बाजूला पडते. हे गुडघ्याचं नाही, खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचं अपुरेपण आहे. दोन-तीन आठवड्यांत गुडघा रेषेत राहू लागतो, आणि हा बदल माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. शिक्षकाच्या शाबासकीपेक्षा ही आरशातली साक्ष जास्त दिवस पुरते. जिथे आरसा नाही त्या वर्गात हा व्यायाम अर्धाच होतो. आणखी एक: फडकं मोठं असेल तर भाराच्या पायाखाली येतं आणि पाय घसरतो. तळपायापेक्षा जरा मोठं, एवढंच फडकं हवं, आणि उभ्या पायात न घसरणाऱ्या तळाचा बूट.

पहिल्या ठाण्यावरचे काही व्यायाम उताणं झोपून करायचे असतात. इथे एक साधी अडचण अनेकांना वर्गातून बाहेर काढते. त्यांना जमिनीवर खाली बसता येत नाही, आणि बसलं तर चारचौघांत उठता येत नाही. कोणी हे बोलून दाखवत नाही, पुढच्या वेळी येत नाही इतकंच. उंच, कडक पलंगाची सोय असलेला वर्ग निवडावा. तशीच न बोलली जाणारी दुसरी अडचण म्हणजे जोर लावताना लघवीचे थेंब जाणं. त्यासाठी उठबस करताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा, आणि स्वच्छतागृह जवळ हवं. या दोन गोष्टींकडे लक्ष देणाऱ्या वर्गातून माणसं कमी का गळतात, यासाठी मोठं संशोधन लागत नाही.

वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन चाचण्या होतात. एक ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ही, आणि दुसरी ४० मीटर झपझप चालण्याची. चालण्याच्या चाचणीत १० मीटरच्या पट्ट्यावर चार फेऱ्या होतात, वळण्याचा वेळ धरत नाहीत. ४० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर, ३२ लागले तर १.२५. गणित सोपं आहे, पण घरी करायला खुर्चीची चाचणीच सोयीची.

ती नीट केली तर उत्तम, ढिली केली तर फसवी. खुर्ची हात नसलेली, सरळ पाठीची, बैठक जमिनीपासून सुमारे ४३ सेंटीमीटर, भिंतीला टेकवलेली. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, तळवे पूर्ण टेकलेले, हात छातीवर फुलीसारखे. पूर्ण उभं राहायचं, गुडघे-कंबर सरळ, मग पूर्ण बसायचं. ३० सेकंद संपताना निम्म्याहून जास्त वर आला असाल तर ती उठबस धरायची. हात टेकून उठावं लागलं तर आकडा शून्य. तरी ‘हात टेकून इतक्या’ असं शेजारी जरूर लिहावं, कारण पुढच्या खेपेला तुलना त्याच्याशी करायची आहे. चुका कुठे होतात? माणूस झोका घेऊन उठतो, अर्धवट उभा राहून परत बसतो, किंवा बसताना धपकन अंग टाकतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे दुसऱ्या वेळी वेगळी खुर्ची. बैठक थोडी उंच असली तरी आकडा फुगतो, मऊ गादी असली तर पडतो. खुर्ची तीच, बूट तेच, दिवसाची वेळही शक्यतो तीच.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? कारण दुखणं साक्षीदार म्हणून भरवशाचं नाही. ते हवेबरोबर, झोपेबरोबर, काळजीबरोबर वरखाली होतं. वाईट आठवड्यात माणसाला वाटतं, सगळं पाण्यात गेलं. त्याच आठवड्यात खुर्चीची चाचणी ८ वरून ११ वर गेलेली असेल तर त्याच्या हातात दुसरा पुरावा असतो. दुखणं तेवढंच असताना पाय सुधारले आहेत, हे दाखवणारा कागद. नोंदवहीला मी निम्मी ताकद म्हटलं ती यासाठी.

या आजारात माणसं का हलतात, याचं एक उत्तर नाही. पण कोणत्या कारणावर माणूस टिकतो आणि कोणत्यावर नाही, हे बऱ्यापैकी ओळखता येतं. ‘डॉक्टरांनी सांगितलं’ हे कारण दोन आठवडे पुरतं. ‘वजन उतरवायचं’ हे त्याहून थोडं जास्त. एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो हे खरं आहे, पण काटा हळू हलतो आणि माणूस आधी कंटाळतो. ‘दुखणं जावं’ हे सर्वांत सामान्य कारण आणि सर्वांत दगाबाज. टिकतं ते ठोस, स्वतःचं, एखाद्या जागेला बांधलेलं कारण: दोन मजले न थांबता चढणं, बसमध्ये कोणी हात न देता चढणं, नातवंडाला उचलता येणं, स्वच्छतागृहातून उठायला कोणाला हाक मारावी न लागणं. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी हे विचारतो आणि चौथ्या ठाण्यावरचा व्यायाम त्याला जोडून देतो. ज्याला जिना चढायचा आहे त्याला पायरीचा व्यायाम, आधी कमी उंचीवर, मग खऱ्या पायरीइतक्या उंचीवर. वाईट वर्गात सगळ्यांना तोच कागद मिळतो.

दुसरं कारण सोबत. मंगळवारी आपण गेलो नाही तर कोणीतरी विचारणार आहे, ही जाणीव कुठल्याही यंत्रापेक्षा बळकट असते. शिवाय गटात दहा दुखरे गुडघे एकत्र आले की आपलाच गुडघा विशेष वाईट आहे ही समजूत गळून पडते. मात्र गट लहान हवा. शिक्षकाचं लक्ष प्रत्येक गुडघ्याच्या रेषेवर जाऊ शकेल एवढाच.

आता जे वर्गाच्या जाहिरातीत सापडत नाही ते. डेन्मार्कमध्येच एक चाचणी झाली, २०६ जणांवर. एका गटाला माहिती आणि व्यायाम मिळून ‘ग्लॅड’चे आठ आठवडे, दुसऱ्याला त्याच काळात गुडघ्यात साध्या मिठाच्या पाण्याची चार इंजेक्शनं, आणि हे मिठाचं पाणी आहे असं उघड सांगून. शेवटी दुखण्यातली सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. अनेकांना हे वाचून व्यायाम फोल वाटला. मला तसं वाटत नाही, पण हा निकाल गालिच्याखाली सारणंही बरोबर नाही. दुखणं सर्वांत जास्त असताना माणूस वर्गात नाव घालतो. त्यानंतर ते काही प्रमाणात आपसूक उतरणारच. कोणी आस्थेने लक्ष दिलं की आणखी उतरतं. वर्गाच्या श्रेयातला हा वाटा मान्य करायला हवा. पण मिठाच्या पाण्याने मांडी बळकट होत नाही, तोल सुधारत नाही, रक्तदाब-साखर आटोक्यात ठेवायला हातभार लागत नाही. म्हणून वर्ग ‘दुखणं घालवणारा’ म्हणून विकणं चूक. तसा विकला की दुखणं एका पातळीवर अडकताच माणूस निघून जातो. आपल्या जिन्यासाठी आलेला माणूस अशा वेळी थांबतो, कारण त्याचा जिना रोज थोडा सोपा होत असतो.

आणि मग सातवा आठवडा येतो. सहा आठवडे मंगळवार-गुरुवार ठरलेले होते, माणसं ठरलेली होती, कोणीतरी आकडा लिहून घेत होतं. सातव्या आठवड्यात हे सगळं एकाच दिवशी संपतं, आणि हातात घरी करायच्या व्यायामांचा कागद उरतो. गुडघ्याच्या व्यायामाबद्दलच्या संशोधनांचा २०१५ सालचा मोठा आढावा सांगतो, की कार्यक्रम संपताना १०० पैकी सुमारे १२ अंकांनी कमी झालेलं दुखणं दोन ते सहा महिन्यांनी पाहिलं तर फायदा निम्म्यावर आलेला असतो. व्यायामाचा गुण ‘उतरतो’ असं त्याचं कारण नाही, व्यायाम थांबतो. वर्गाच्या रचनेतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी सहभागी माणसावरच ढकलली जाते.

ती जबाबदारी पेलायची तर पाचव्या आठवड्यातच तयारी हवी. वर्गातले सगळे व्यायाम घरी कोणी करत नाही. चार निवडावेत: खुर्चीतली उठबस, पायरी, घसरता पाय, आणि रबरी पट्टा बांधून पाय बाजूला नेणं. आठवड्यातून दोनदा, दोन फेऱ्या, १० ते १५ आवर्तनं. वीस-पंचवीस मिनिटांत होतात. वार वर्गाचेच ठेवावेत, कारण सवय त्या वारांना लागलेली असते. गटातल्या एका माणसाशी जोडी लावून त्या वेळी फोन करायचा. ‘केलेस का’ असं विचारणारा नको, दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं असा. दुखणं भडकलेल्या दिवसासाठी वेगळा, छोटा बेत आधीच लिहून ठेवावा: फक्त पाच मिनिटं खुर्चीत बसून पेडल मारणं आणि हात टेकून पाच उठबशा. वाईट दिवशी बेत आखायला बसलं तर उत्तर नेहमी ‘आज नको’ असंच येतं.

साहित्याबद्दल थोडक्यात, कारण यांच्यापायी लोकांची फार निराशा होते.

पावलं मोजणारं यंत्र उपयोगी आहे, पण १०,००० चा आकडा डोक्यातून काढावा. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मान्पो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल २०१४ साली आलेल्या अभ्यासात, पुढे हालचाल मर्यादित होण्यापासून बचावलेली माणसं ओळखायला दिवसाला सुमारे ६,००० पावलांची रेषा उपयोगी पडली. २,५०० पावलं चालणाऱ्याला १०,००० दाखवणं म्हणजे रोज संध्याकाळी नापास करणं. आधी सात दिवस काहीही न बदलता मोजा, सरासरी काढा, आणि दर एक-दोन आठवड्यांनी ५०० वाढवा. दोष एकच पण मोठा: मनगटावरची यंत्रं हाताच्या हालचालीवर मोजतात. वॉकर किंवा ढकलगाडी धरून चालणाऱ्याची, आणि फार सावकाश चालणाऱ्याची पावलं ती बरीच गाळतात. अशा माणसाने बुटाला किंवा घोट्याला लावायचं यंत्र घ्यावं. नाहीतर खरी मेहनत करूनही आकडा हलत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देतो.

खुर्चीपुढे ठेवायचं पेडल यंत्र सुरुवातीच्या उबेसाठी आणि वाईट दिवसासाठी ठीक. ते गुळगुळीत फरशीवर पुढे पळतं. खाली रबरी चटई आणि पुढे भिंत हवी. खुर्ची इतकी मागे ठेवावी की पेडल सर्वांत लांब गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. जवळ बसलं तर गुडघा वरच्या टोकाला फार वाकतो आणि वाटीमागे कळ येते. पेडल फिरवायला लागणारा जोर हलका ठेवावा. तोल आणि उभं राहण्याची ताकद मात्र याने येत नाही, म्हणून पेडललाच पूर्ण व्यायाम समजू नये.

रबरी पट्टा घोट्याला बांधला की जड जातो, गुडघ्याच्या वर बांधला की सोपा. सुरुवात वरून करावी. उन्हात ठेवला की त्याला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस तो फटकन तुटतो. दर वेळी ताणून पाहावा. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. हे इतक्या वेळा चुकतं की पुन्हा सांगायला हरकत नाही.

‘ग्लॅड’ला पर्याय आहेत. ब्रिटनमधल्या माइक हर्ली यांनी आखलेल्या ‘एस्केप-पेन’मध्येही १२ सत्रं असतात, पण प्रत्येक सत्रात आधी थोडी चर्चा आणि मग व्यायाम. माहिती हप्त्याहप्त्याने मिळते, गेल्या आठवड्यात काय जमलं नाही हे बोलायला जागा मिळते. नवख्या, धास्तावलेल्या माणसासाठी मला ही रचना अधिक बरी वाटते. व्यायामाचा बारकावा, विशेषतः पायाची रेषा, ‘ग्लॅड’मध्ये जास्त. ज्यांना ठाण्या-ठाण्यांवरचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो त्यांनी ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, पाहावा. २०१६ साली आलेल्या एका चाचणीत गुडघ्यासाठी ते नेहमीच्या फिजिओथेरपीच्या तोडीचं ठरलं. आवडीचा व्यायाम सहाव्या महिन्यातही चालू असतो, हा त्याचा मोठा गुण.

कोणी लगेच नाव घालू नये? गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, अचानक पायावर भार देता येत नसेल, एकाच पोटरीला सूज आली असेल, किंवा चालताना छातीत दाटून येत असेल, तर आधी डॉक्टर. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर मात्र वर्ग टाळायचं कारण नाही. आधी बळकट केलेली मांडी नंतर कामालाच येते.

नाव घालण्याआधी वर्गात फोन करून विचारावं. गटात किती जण असतात? आरसा आणि उंच पलंग आहे का? दुखणं वाढलं तर व्यायाम बदलून देता का, की विश्रांती घ्यायला सांगता? ऐकू कमी येणाऱ्याला पुढे बसवता का? चाचणीचे आकडे आम्हाला लेखी मिळतात का? सहा आठवड्यांनंतर महिन्यातून एकदा तरी येता येईल का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तरी वर्ग घ्यावा, पण घरातल्या कॅलेंडरवर वर्ग संपल्यापासून सहा आठवड्यांनी येणाऱ्या एका तारखेला आत्ताच खूण करून ठेवावी, आणि त्या दिवशी तीच खुर्ची भिंतीला लावून ३० सेकंदांच्या उठबशा मोजाव्यात.